स्टेपनी, डिकी आणि खंडेनवमी

जुन्या मोटारीचे कौतुक करायचे तर ती मोटार आपली नसावी लागते. आणि आपली असलीच, तर कामावर जाण्यासाठी दुसरी एखादी असावी लागते. रोज सकाळी त्याच जुन्या मोटारीला धक्का मारून ज्याला कचेरी गाठायची असते, त्याला तिच्या वयाचे कौतुक सुचत नाही. त्याला त्या वेळी जे शब्द सुचतात, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नसतात.

या कौतुकाच्या बाबतीत इंग्रजांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्या देशात एके काळी कायदाच असा होता, की आपल्या बळावर धावणाऱ्या गाडीच्या पुढे एका माणसाने पायी चालावे आणि गाडीने ताशी चार मैलांपेक्षा अधिक वेग घेऊ नये. १८९६ साली हा कायदा सैल झाला आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवर गेली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी हौशी मंडळींनी लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनपर्यंत मोटारी पिटाळल्या. या दिवसाची आठवण म्हणून १९२७ पासून, युद्धासारख्या अडचणीची वर्षे सोडली तर, दर नोव्हेंबरात जुन्या मोटारींची लंडन-ब्रायटन वारी निघते. १९०५ सालापूर्वी बांधलेल्या गाड्यांनाच तीत प्रवेश. रस्ता सुमारे ६० मैलांचा. वाटेत कित्येक गाड्या खोकतात, धापा टाकतात, बसकण मारतात. आणि रस्त्याकडेला उभी असलेली माणसे त्यांना टाळ्या देतात. आपल्याकडे गाडी बंद पडली तर लोक आधी हसतात आणि मग ढकलायला येतात. दोन्ही पद्धतींत प्रेम आहेच. पण ढकलणारे प्रेम मला अधिक उपयोगाचे वाटते.

आपल्या देशातही ही हौस चांगली रुजली आहे. दिल्लीस 'स्टेट्समन' या इंग्रजी वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. मुंबईतही असे मेळावे भरतात. अशाच एका मेळाव्यात मी एक अख्खा दिवस काढला. एका बाजूस रोल्स-रॉइस आणि बेंटले ही थोरली घराणी, खानदानी माणसे लग्नात बसतात तशी, कुणाशी न बोलता बसलेली. पलीकडे मॉरिस, एम्‌. जी. आणि हिलमन. कोपऱ्यात एक चिमुकली ऑस्टिन सेव्हन. १९२२ साली निघालेली ही गाडी मध्यमवर्गीय इंग्रजाला परवडावी म्हणून काढलेली, इंजिन साडेसातशे सीसींच्या आतले. आज ज्या बीएमडब्ल्यूचे नाव तरुण मंडळी आदराने घेतात, त्या कंपनीची पहिली मोटार म्हणजे या ऑस्टिन सेव्हनचीच परवाना घेऊन काढलेली जर्मन आवृत्ती होती. कोपऱ्यातल्या म्हातारीची कुणी चौकशी करीत नव्हते. पण तिचा गोतावळा असा दूरवर पसरला होता.

माझा पेशा मराठी शिकवण्याचा. त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी पाट्या वाचायची खोड. प्रत्येक मोटारीपुढे एक सुबक पाटी होती. तिच्यावर मोटारीचे नाव, बनावटीचे साल, इंजिनाची ताकद आणि मालकाचे नाव. मी तीस-चाळीस पाट्या वाचल्या असतील. मजकूर सगळीकडे याच चार ओळींचा. पण बऱ्याच मोटारींच्या मागे आणखी एक माणूस उभा होता. खाकी शर्ट, खांद्यावर फडके, नखांत काळे तेल. मालक फोटोसाठी मोटारीजवळ उभे राहिले की तो आपण होऊन चौकटीबाहेर सरकायचा. मोटार चालू होईना की मालक त्याच्याकडे पाहायचे, तो बॉनेट उघडून आत वाकायचा, आणि दोन मिनिटांत ती नव्वद वर्षांची म्हातारी गुरगुरू लागायची. त्याचे नाव मात्र एकाही पाटीवर नव्हते.

मोटारीचा इतिहास म्हणजे तिच्या मालकाचा इतिहास, अशी आपली समजूत झाली आहे. त्याला आपले राजेरजवाडेही थोडे कारण आहेत. कोल्हापूरचा दसरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक ठाऊक असेल. ती जर्मन गाडी. वर्षातून एकदा ती बाहेर पडते आणि तिला पाहायला गर्दी लोटते. तिचा मान मोठा आहे, आणि तो असावा. पण माझे बोलणे आहे ते ज्या मोटारींना मान नव्हता, नुसते काम होते, त्यांच्याविषयी. नोकरीच्या निमित्ताने साताऱ्याचे आणि घरच्या निमित्ताने सांगलीचे माझे सारखे जाणे-येणे असते. आणि या दोन गावांमधल्या रस्त्यावर कामाच्या मोटारींनी आपला सगळा जन्म काढला आहे.

आमच्या भागातल्या एखाद्या साठीच्या गृहस्थाला विचारून पाहा, "आपण कधी इंग्रजी बनावटीच्या मोटारीत बसला आहात काय?" तो म्हणेल, "छे हो, आमचं कुठलं एवढं भाग्य!" आणि हाच गृहस्थ अॅम्बॅसिडरमधून शंभरदा हिंडलेला असेल. एकदा नवरदेव म्हणून, एकदा आजारी वडिलांना मिरजेच्या दवाखान्यात नेताना, पुढे साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या मागल्या बाकावर अंग चोरून. ती अॅम्बॅसिडर म्हणजे मुळात इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसऱ्या मालिकेतली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली सौराष्ट्रात ओखा बंदरी सुरू झाली आणि १९४८ साली कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास गेली. तिने आधी मॉरिस टेन ही गाडी 'हिंदुस्थान टेन' या नावाने काढली. मग १९५४ साली लँडमास्टर आली, तीही मॉरिस ऑक्सफर्डच. आणि १९५७-५८ च्या सुमारास अॅम्बॅसिडर आली. तिकडे इंग्लंडात या मूळ गाडीचे उत्पादन १९५९ साली थांबले. इकडे ती २०१४ च्या मे महिन्यापर्यंत निघत राहिली. माहेरी तीन-चार वर्षे आणि सासरी अर्धशतकाहून अधिक, असा तिचा संसार. अशी सून माहेरच्या नावाने कोण ओळखणार?

या मॉरिस ऑक्सफर्डच्या नावातही एक गंमत आहे. ऑक्सफर्ड म्हटले की आम्हा मास्तर लोकांच्या डोळ्यांपुढे झगे घातलेले पंडित उभे राहतात. पण विल्यम मॉरिस हा त्या गावातला सायकली दुरुस्त करणारा पोर. सोळाव्या वर्षी, १८९३ साली, त्याने चार पौंडांच्या भांडवलावर आईबापांच्या घरीच दुरुस्तीचे दुकान मांडले. सायकलीवरून तो मोटारसायकलीवर आला, मोटारसायकलीवरून मोटारीवर. आणि १९१३ साली त्याची पहिली मॉरिस ऑक्सफर्ड रस्त्यावर आली. पुढे तो लॉर्ड नफील्ड झाला आणि ज्या विद्यापीठाच्या दारातून तो विद्यार्थी म्हणून कधी आत गेला नव्हता, त्याच विद्यापीठात त्याच्या देणगीतून १९३७ साली एक कॉलेज उभे राहिले. म्हणजे आपण ज्या गाडीला कलेक्टरसाहेबांची गाडी म्हणून वाट करून देत होतो, तिचा जनक मूळचा एक सायकलमिस्त्री होता.

हे वाचताना सांगलीकराला दुसरे एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. तेही आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते आणि त्यांचाही उद्योग बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, १८८८ साली. तेथून कडबा कापायची यंत्रे, लोखंडी नांगर; आणि बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनपाशी, १९१० साली किर्लोस्करवाडी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. दोन जिल्ह्यांना जोडणारा लोखंडाचा हा धागा जुना आहे. साताऱ्याजवळ सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा नांगरांचा आणि इंजिनांचा कारखाना होता. हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. या कारखान्यांनी आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांना साचा म्हणजे काय, ओतीव म्हणजे काय, आटे कसे पाडायचे, हे शिकवले. ओतकाम, लेथ आणि कानस हाताळणारी एक पिढी तयार झाली. जुन्या इंग्रजी मोटारी पुढे या पिढीच्या हाती पडल्या, हे त्या मोटारींचे नशीब.

कारण परिस्थितीच तशी होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले, की ज्यांना मोटारी या देशात खऱ्या अर्थाने बनवायच्या असतील त्यांनीच राहावे. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या १९५४ साली निघून गेल्या. बाहेरून मोटारी येणे थांबले आणि सुटे भागही दुर्मीळ झाले. मग डॉक्टरांची ऑस्टिन, वकिलांची हिलमन, इनामदारांची मॉरिस यांचे करायचे काय? नवी गाडी घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. म्हणून आहे ती चालवायची. आणि चालवायचा रस्ता कसा, तर पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट. त्या घाटात जुन्या गाड्यांचे पाणी उकळायचे. बॉनेट उघडून, डब्याने पाणी ओतून, वाऱ्यावर उभे राहायचे, हा प्रवासाचाच एक भाग होता. खाली उसाच्या पट्ट्यात उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी जन्मलेली ही लेकरे इथे टिकली, ती कुणीतरी टिकवली म्हणून.

ज्यांनी टिकवली त्यांपैकी सांगलीचे एक वयस्क मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या हातून चार हजार गाड्या तरी गेल्या असतील, असे त्यांचा मुलगा सांगतो. ते स्वतः काही सांगत नाहीत. तुटलेल्या भागाचा नमुना समोर ठेवायचा, लेथवर तसाच दुसरा कातून घ्यायचा, झीज किती धरायची ते अंदाजाने ठरवायचे, ही त्यांची रीत. त्यांची मापे अजून सुतात चालतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा इंच म्हणजे चार सूत. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. पण जुन्या इंग्रजी गाडीचे नटबोल्ट इंचाच्या घराण्यातले. त्यातही जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली घालून दिलेल्या आट्यांची मापे निराळी, आणि पुढच्या गाड्यांतली निराळी. चुकीचा पान्हा लावला की बोल्टाचे कोपरे गोल झालेच. मिस्त्रींना बोल्टावर नुसते बोट फिरवले तरी तो कोणत्या घराण्यातला ते कळते.

आणि कान! या माणसाच्या कानाविषयी मिरजेतच बोलावे. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. तिथला कारागीर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून, तार छेडून, पुन्हा सरकवून जवारी लावतो. कुठे थांबायचे ते त्याला कोणतेही यंत्र सांगत नाही. जुन्या इंग्रजी गाडीचा कार्बोरेटर लावणे हे याच जातीचे काम आहे. अॅम्बॅसिडरमध्ये असायचा तो एस्‌. यू. कार्बोरेटर. ही दोन अक्षरे 'स्किनर्स युनियन'ची. जोड्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातल्या स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो काढला, आणि त्याच्या पहिल्या नमुन्यांत चक्क चामड्याचा भाता होता. त्यात पेट्रोल किती आणि हवा किती, हे स्क्रूने जमवायचे आणि कानाने ठरवायचे. एम्‌. जी.सारख्या गाडीत दोन कार्बोरेटर असले, की रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा सुस्कारा सारखा येतो की नाही ते ऐकायचे. मी एकदा मिस्त्रींना विचारले, "हे कळतं कसं?" ते म्हणाले, "सर, गाडी बोलती. आपण गप बसून ऐकायचं. घाई केली की ती खोटं बोलती." वर्गात पुढल्या बाकावरच्या विद्यार्थ्यांना कविता कशी वाचावी ते शिकवताना मला याहून चांगले सांगता आलेले नाही.

२०१९ साली कृष्णेला महापूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरल्यावर गावात गाड्यांची काय दैना झाली ते सांगलीकरांना सांगायला नको. नव्या गाड्यांच्या पोटात संगणक. त्यात गाळाचे पाणी शिरले की विम्याच्या कागदावर सही करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. जुन्या गाडीचे तसे नसते. तिचे तेल काढा, टाकी धुवा, कार्बोरेटर उघडून उन्हात ठेवा, डेल्को पुसा, प्लग तापवा; ती पुन्हा उभी राहण्याची आशा असते. तिच्या पोटात जे आहे ते सगळे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. जे दिसते ते दुरुस्त होते, हा जुन्या यंत्राचा मोठा गुण.

आता थोडे माझ्या धंद्याचे बोलू. या मोटारी गेल्या. पण त्यांनी आमच्या भाषेत जे सामान उतरवले ते अजून जागच्या जागी आहे. आपण मोटारीच्या मागच्या पेटीला डिकी म्हणतो. इंग्रज तिला बूट म्हणतो. डिकी हे मूळ घोडागाडीच्या मागे किंवा पुढे असलेल्या चाकराच्या बैठकीचे नाव. पुढे ते मोटारीच्या मागच्या उघड्या बैठकीला मिळाले. ती बैठक गेली, तिथे सामानाची पेटी आली; पण आपण जुने नाव सोडले नाही. स्टेपनीची कथा तर याहून मनोहर आहे. पहिल्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधल्या लनेथली गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ साली एक जादा चाक काढले. त्याला आरे नसत, ते पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून आवळून बसवायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून ते 'स्टेपनी' चाक. त्या देशात हा शब्द केव्हाच मागे पडला. पण सातारच्या एस्‌. टी. स्टँडवरच्या कुठल्याही क्लीनरला विचारा. तो क्षणात स्टेपनी दाखवील. एका वेल्श गल्लीचे नाव खंबाटकीच्या घाटात भर पावसात, जॅक लावून बसलेल्या माणसाच्या तोंडी रोज येते, आणि त्याला ते अस्सल मराठी वाटते. मला तर ते अस्सल मराठीच वाटते. जो शब्द अडल्या वेळी आठवतो तो परका कसा?

आमच्याकडचे जुन्या मोटारींचे खरे प्रदर्शन कुठल्या मैदानावर भरत नाही. ते भरते खंडेनवमीला, गॅरेजांतून. आदल्या रात्री जमीन धुऊन घेतात. सकाळी फळीवर धुवट कापड अंथरून हत्यारे मांडतात. पान्हे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. हातोडे, कानशी, जॅक, पुलर, वर्षानुवर्षे हाताळून मुठीजवळ गुळगुळीत झालेले स्क्रूड्रायव्हर. लेथला झेंडूची माळ. हळद, कुंकू, नारळ. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. अडलेला गिऱ्हाईक आला तरी त्याला पेढा देऊन उद्या या म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मोटारी येतात. धुतलेल्या, हार घातलेल्या. त्यांत एखादी जुनी अॅम्बॅसिडर असतेच. या क्रमात मला फार शहाणपण दिसते. आधी हत्याराची पूजा, मग गाडीची. मुंबईच्या मैदानावर जो माणूस चौकटीबाहेर सरकत होता, त्याचा हा दिवस.

हे सगळे आज आठवायचे कारण कायद्यात आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी झालेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, फेरनोंदणीची ५ हजार, मुदत १० वर्षांची, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. आणि मुख्य अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाडा, काया किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालणार नाही.

नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. अशी अट नसती तर उद्या कुणीही पत्र्याची रोल्स-रॉइस ठोकून आणली असती आणि पणजोबांची म्हणून नोंदवली असती. इतिहासाचा पुरावा शुद्ध राहिला पाहिजे, हे आम्हा ग्रंथसंपादन शिकवणाऱ्यांना तरी मान्य हवे. पण या अटीचा व्यवहारात अर्थ काय होतो तेही पाहावे. जी मोटार बंगल्यात आच्छादनाखाली झोपून राहिली ती मूळ स्वरूपात राहिली, तिला मान. आणि जी रात्रंदिवस राबली, जिचे पेट्रोल इंजिन महागाईने परवडेना म्हणून मिस्त्रीने तिच्यात मॅटॅडोरचे डिझेल इंजिन बसवले, जिने त्या इंजिनावर आणखी वीस वर्षे बाळंतिणी, वऱ्हाडी आणि हळदीचे व्यापारी वाहिले, ती या व्याख्येत बसत नाही. १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी आणि तपासणी यांच्या फेऱ्यांत ती एक दिवस भंगाराच्या काट्यावर चढते. तिच्याबरोबर कुणी कोणता जुगाड कसा जमवला, गिअरपेटी आणि इंजिन यांच्यामध्ये जोडपट्टी कशी ओतली, ही विद्याही किलोच्या भावाने जाते.

हाच नियम भाषेला लावला तर? 'मूळ स्वरूपात आहे काय?' असे विचारले तर डिकी बाद, स्टेपनी बाद, सूत तर चौकशीलाच बसेल. एका वस्तूचे नाव दुसरीला चिकटवलेले, गल्लीचे नाव चाकाला दिलेले, इंचाला कापसाच्या धाग्याचे इंजिन बसवलेले. भाषा आपल्या राबत्या शब्दांना भंगारात काढत नाही; म्हणून ती जिवंत राहते. संग्रहालयाला शुद्धता हवी हे खरे, पण रस्त्यालाही स्वतःचा इतिहास असतो, आणि तो कुणीतरी लिहून ठेवला पाहिजे.

तो लिहायला आता फार दिवस उरलेले नाहीत. कानाने कार्बोरेटर लावणारे बहुतेक मिस्त्री सत्तरीच्या पुढे गेले आहेत. त्यांची मुले संगणक जोडून गाडीचा दोष वाचतात, आणि ते योग्यच आहे; आजच्या गाडीला तेच लागते. पण बापाची विद्या कुठल्या वहीत नाही. १८३१ साली जेम्स मोल्सवर्थ नावाच्या लष्करातल्या इंग्रजाने आपल्या मराठीचा कोश सिद्ध केला. शेतकऱ्याचे, सुताराचे, कोष्ट्याचे कितीतरी शब्द त्याने त्यात टिपून ठेवले. म्हणून तर लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. परक्या माणसाने आमच्या कारागिरांचे शब्द गोळा केले. आता त्याच्या देशाच्या मोटारींना आमच्या कारागिरांनी दिलेले शब्द आणि आमचे उपाय गोळा करणे, हे निदान आम्हाला जमायला हरकत नाही. यंदा मी माझ्या एम्‌. ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून तेच काम दिले आहे. प्रत्येकाने एक गॅरेज धरायचे, एक मिस्त्री धरायचा, आणि त्याच्या तोंडचे शब्द त्याच्याच उच्चारात लिहून आणायचे. पहिल्या आठवड्यात एक मुलगी पाटा, बुश, लायनर, बोअर करणे असे बेचाळीस शब्द घेऊन आली आणि हातांना तेल लागल्याची तक्रार करू लागली. मी म्हटले, वही जपून ठेव. तिच्या पानांवर डाग पडले असतील तर तेही राहू देत.

जुन्या मोटारींचे मेळावे भरवणाऱ्या हौशी मंडळींनाही माझी एक विनंती आहे. त्यांनी खुशाल मोटारी घासूनपुसून आणाव्यात. त्या पाहायला मी पुन्हा तिकीट काढून येईन. फक्त पाटीवर मालकाच्या नावाखाली एक ओळ वाढवावी आणि तिच्यात ती मोटार चालू ठेवणाऱ्या मिस्त्रीचे नाव, गावासकट, लिहावे. रंगाऱ्याला त्याचे फार तर दहा-वीस रुपये जास्त पडतील.